अजिंठा-वेरूळला जाताय? या चुका टाळा

सोमवारी सकाळी अजिंठ्याच्या पायथ्याशी, फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थोडा वेळ थांबलात, तर बाहेरगावची एखादी तरी गाडी हमखास दिसेल. मागच्या सीटवर पेंगुळलेली पोरं, पुढे ड्रायव्हर आणि बाबांची जुंपलेली. अजिंठा सोमवारी बंद असतो, हे आदल्या रात्री कुणीच बघितलेलं नसतं.

म्हणून आधी हे पाठ करा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली की बहुतेक जण पहिल्यांदा जवळचं वेरूळ उरकतात आणि लांबचा अजिंठा शेवटच्या दिवसावर ठेवतात. इथेच फसायला होतं. क्रम उलटा धरा. सोमवार-मंगळवार असे दोनच दिवस हाताशी असले तरी बिघडत नाही, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा करा. आणि बंद दाराशी पोहोचलाच असाल तर ड्रायव्हरशी हुज्जत घालण्यात दुपार घालवू नका. दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा आठवडाभर उघडे असतात. तो दिवस त्यांना देऊन टाका.

सोमवारी वेरूळला जाताना एक मात्र लक्षात असू द्या. लेण्यांच्या पलीकडेच घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंग आहे, आणि श्रावणी सोमवार किंवा महाशिवरात्रीला त्या रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना सदरा-बनियन काढावं लागतं, तेव्हा दर्शन आणि लेणी एकाच फेरीत करणार असाल तर त्या हिशेबाने कपडे घाला. १८ एप्रिलला, म्हणजे जागतिक वारसा दिनी, पुरातत्त्व खात्याच्या स्थळांना प्रवेश मोफत असतो. तिकिटाचे चार पैसे वाचतील, पण गर्दीत शिल्पांऐवजी माणसांच्या पाठीच बघायला मिळतील.

बुकिंगची चूक हल्ली वाढली आहे. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं असलं, तरी काही ॲपांवर जुनं नावच चालतं, आणि औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे. हॉटेल फारच स्वस्त दिसलं तर पैसे भरण्याआधी राज्य कुठलं ते बघा.

आता सगळ्यात मोठी चूक, दोन्ही लेणी एकाच दिवसात. टूरवाल्यांच्या पत्रकात हे छान दिसतं. प्रत्यक्षात वेरूळ शहरापासून वायव्येला साधारण ३० किलोमीटरवर आणि अजिंठा ईशान्येला १०० किलोमीटरवर आहे. अजिंठ्याला फुलंब्री-सिल्लोड करत जायचं तर एका बाजूचे अडीच तास धरा. त्यात तुमची गाडी टी-पॉइंटलाच ठेवावी लागते आणि शेवटचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. बसची रांग, पायऱ्या, जेवण यांचा हिशेब केला तर लेण्यांच्या वाट्याला दीड तास उरतो. खानदेश किंवा विदर्भातून येणाऱ्यांनी तर शहर गाठायची घाईच करू नये. जळगावहून अजिंठा ६० किलोमीटर आहे. जाता जाता अजिंठा बघायचा आणि मुक्कामाला शहरात यायचं. यात लोणार, शिर्डी आणि शनिशिंगणापूर कोंबणाऱ्यांना आपण काय बोलणार?

अजिंठ्यात शिरल्यावरची तक्रार ठरलेली असते: “आत काहीच दिसत नाही हो!” उन्हातून थेट पहिल्या लेण्यात शिरलं की काळोख अंगावर येतो, माणसं मोबाइलचा टॉर्च लावतात, रखवालदार ओरडतो, आणि दोन मिनिटांत सगळे बाहेर. टॉर्च आणि फ्लॅश वापरायचाच नाही. भिंतीपासून लांब, मंडपाच्या मध्यावर पाच मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावले की आधी छतावरची नक्षी उमटते, मग गाभाऱ्याकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या हाताचा पद्मपाणी बोधिसत्त्व दिसू लागतो. हातात कमळ, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. उजव्या बाजूला वज्रपाणी. पाच मिनिटांपूर्वी तिथे नुसती काळपट भिंत होती.

हा काळपटपणा सगळा काळाने आणलेला नाही. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून जाणकार बोलावले होते. सुटू लागलेला रंग धरून राहावा म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचं व्हार्निश दिलं. ते पुढे पिवळं पडत, धूळ ओढत काळवंडलं. मुळात ही चित्रं ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग कोरड्या पृष्ठभागावर डिंकात कालवलेले रंग, असं ते काम आहे. घामाच्या हातानेच काय, गर्दीच्या श्वासातल्या दमटपणानेही त्याला धोका असतो. म्हणूनच चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. बाहेर थांबवलं तर चिडू नका. रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराने वर्षानुवर्षं इथे राहून केलेल्या या चित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली झालेल्यांपैकी कित्येक १८८५च्या आगीत गेल्या. भिंतीवर आहे तेच मूळ आहे.

नाव कोरणाऱ्यांबद्दल वेगळं लिहायला नको. पण हा रोग जुना आहे. १८१९च्या एप्रिलमध्ये वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर चित्र खरवडून स्वतःचं नाव आणि तारीख घातली. ते अक्षर आज डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात दगडमाती भरलेली होती आणि साहेब त्या ढिगावर उभा होता.

क्रमाने एक, दोन, तीन करत जाणं हीसुद्धा चूकच. सकाळी नऊला दार उघडलं की सगळा लोंढा पहिल्या लेण्यावर आदळतो आणि सतराव्यापर्यंत पोहोचेतो पाय बोलायला लागतात. तुम्ही आधी सरळ सोळा-सतरा गाठा. सतराव्याच्या ओसरीत आकाशातून चाललेली एक अप्सरा आहे. तिच्या गळ्यातले मोत्यांचे सर वेगामुळे एका बाजूला कलंडलेत. एवढ्या एका रेषेतून तिचं उडणं कळतं. तिथून सव्विसाव्यातलं महापरिनिर्वाण बघा आणि परतताना दुपारच्या जेवणाच्या वेळी, गर्दी ओसरल्यावर, एक आणि दोन. वाटेत चोविसावं लेणं अर्धवट सोडलेलं आहे म्हणून ते टाळू नका. डोंगर आतून कसा फोडत नेत, ते तिथेच समजतं. लेसचे बूट घालू नका, चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात. मे महिन्यात जाणार असाल तर मोजे जवळ ठेवा, कातळ तव्यासारखा तापतो. चढ झेपत नसलेल्या आजी-आजोबांसाठी डोलीवाले असतात. भाव आधी ठरवून घ्या.

वेरूळला गडबड वेगळी होते. शाळेच्या सहली असोत की घरची माणसं, सोळावं म्हणजे कैलास बघितला, फोटो काढले, चला रसवंतीवर. लेणी एकूण चौतीस आहेत: बारापर्यंत बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. सगळी बघा असं म्हणणार नाही, पण दहावं सोडू नका. त्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडात कोरल्या आहेत, म्हणून लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात. जैन लेणी बरीच उत्तरेला आहेत. भर उन्हात चालत निघालात तर बत्तिसाव्या इंद्रसभेत पोहोचून तुम्ही नुसते बसून राहाल, तेव्हा तिकडे वाहनानेच जा.

वेरूळचा डोंगर पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतात आणि दुपार कलल्यावर ऊन आत शिरतं. फोटो हवेत त्यांनी बौद्ध लेणी आधी करून कैलास तीननंतर ठेवावा. चौकात शिरून लगेच मंडप चढू नका. आधी पूर्ण प्रदक्षिणा घाला: उत्तरेच्या भिंतीवर महाभारताचे पट्टे, दक्षिणेला रामायण आणि त्याच बाजूला कैलास गदागदा हलवणारा रावण.

आणि यूट्यूब बघून येऊन गाइडला “हे परग्रहवासीयांनी बांधलं ना?” असं विचारू नका. काही गाइड गिऱ्हाइकाला हवं ते बोलतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली खोदत आणलेलं हे मंदिर आहे. त्याच्याच वंशातल्या कर्काच्या नवव्या शतकातल्या बडोदा ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या शिवालयाचं कौतुक आलंय. छिन्नीच्या खुणा भिंतींवर आजही हाताच्या अंतरावर दिसतात. गाइड घ्याच, पण सरकारी ओळखपत्र बघून, आणि किती वेळ व किती लेणी हे आधी बोलून.

दौलताबाद परतीच्या वाटेवर लागतं म्हणून चार वाजता दमल्या अंगाने चढायला घेऊ नका. हा किल्ला सकाळचा आहे. अंधारी या तिथल्या काळोख्या भुयारी वाटेच्या वळणावळणाच्या पायऱ्यांत मात्र टॉर्च लागतोच. वटवाघळांच्या वासाने पोरं कुरकुरतील, चालायचंच. खाऊच्या पिशव्या हातात लोंबकळत ठेवल्यात तर माकडं त्या नेणार.

शेवटचा फटका खरेदीत बसतो. टी-पॉइंटवर फेरीवाले चमकणारे दगड घेऊन मागे लागतात. भडक गुलाबी-निळे दिसले की रंग दिलेला आहे असं समजा. पैठणी घेताना पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच स्वच्छ दिसते, यंत्रावरच्या नकलेत मागे धाग्यांचं जाळं लोंबतं. दुकानदार पदर उलटून दाखवायला कांकू करत असेल तर पुढच्या दुकानात जा.