प्रिंटर पेटलाय म्हणे! लिनक्सवर डॉट-मॅट्रिक्स चालवताना या चुका टाळा

एका पतसंस्थेत जुना डॉट-मॅट्रिक्स लिनक्सला जोडून दिला. दुसऱ्याच दिवशी कॅशियरताईंचा फोन. "सर, स्क्रीनवर 'एलपी-झिरो ऑन फायर' आलंय. मेन स्विच पाडू का?"

एलपी-झिरो म्हणजे लिनक्सच्या लेखी पहिला पॅरलल प्रिंटर. त्याला आगबिग काही नसते. पॅरलल केबलमधल्या फक्त पाच तारा प्रिंटरची खबर ड्रायव्हरला (लिनक्समधल्या प्रिंटर चालवणाऱ्या 'एलपी' प्रोग्रामला) देतात: बिझी, अ‍ॅक (बाइट मिळाला), कागद संपला, सिलेक्ट (प्रिंटर ऑनलाइन) आणि एरर. पहिल्या पोर्टावर ही खबर बहुधा हेक्स ३७९ या पत्त्यावर एका बाइटमध्ये मिळते, आणि ड्रायव्हर त्यावरून तर्क लढवतो. एररची तार बोंबलतेय, पण कागद आहे, प्रिंटर ऑनलाइनही आहे. मग झालंय काय? ड्रायव्हरला माहीत नसतं, म्हणून तो हा जुना युनिक्सी विनोद मारतो. लोक इथे ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसतात. आधी झाकण उघडा. आमच्याकडे पासबुकातून निसटलेली स्टेपलरची पिन हेडच्या वाटेत बसली होती.

दुसरी चूक सगळेच करतात: चुकीची प्रिंट थांबवायला प्रिंटरच बंद करायचा. त्याने प्रिंटरच्या पोटातली मेमरी तेवढी पुसते. संगणकाकडचं उरलेलं काम रांगेतच असतं. ड्रायव्हर बिझीची तार मोकळी व्हायची वाट बघत बसतो आणि प्रिंटर चालू होताच मधूनच पुढचे बाइट ढकलतो. एस्केप कोड (प्रिंटरला दिलेला छपाईचा हुकूम) अर्धवट तुटला असेल तर पानभर कचरा. आधी रांगेतलं काम रद्द करा, मग स्विच.

"डिव्हाइस बिझी" आलं की पोर्टाच्या फाइलच्या परवानग्या ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं) करू नका. हा ड्रायव्हर एका वेळी एकालाच आत घेतो. बहुतेकदा कप्सने (लिनक्सवरच्या छपाईची रांग सांभाळणाऱ्या सेवेने) पोर्ट धरलेलं असतं. परवानगीचीच अडचण असेल तर युजरला 'एलपी' गटात घाला.

ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकतायत? फाइलमध्ये नुसता लाइन-फीड (खालच्या ओळीवर जा) आहे, कॅरेज-रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला जा) नाही, आणि ड्रायव्हर बाइट आहे तसाच पाठवतो. फाइल डॉस पद्धतीची, म्हणजे ओळीअखेर दोन्ही खुणा असलेली, करून घ्या. नंतर प्रत्येक ओळीखाली एक ओळ कोरी सुटली, तर प्रिंटरवरचं ऑटो एलएफ (आपोआप लाइन-फीड) बंद करा.

आणि यूएसबी-टू-पॅरलल केबल घेतलीत, तर जुना एलपी ड्रायव्हर तिच्याकडे बघतसुद्धा नाही. ते काम यूएसबी-एलपी या वेगळ्या ड्रायव्हरचं; फाइलही 'डेव्ह'मधल्या यूएसबी फोल्डरात सापडेल.