हेकरू निसटतो कुठे आणि तांबोशी ओळखताना फसगत होते कुठे: या चुका टाळा

हेकरू, म्हणजे ग्रूपर, गळाला लागल्यावर लांब पळत नाही. आमिष तोंडात घेतो आणि त्याच दमात आपल्या कपारीकडे वळतो. पहिल्या दोन-तीन मीटरांत त्याचं तोंड वर फिरवता आलं तर मासा आपला. नाही आलं तर तंगूस, म्हणजे गळाचा दोर, खडपावर घासून तुटतो. ही झटापट काही सेकंदांची असते. त्यामुळे जवळजवळ सगळ्या चुका आमिष तळाला पोचण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

होडी खडपावर नसते

फिशफाइंडरचा, म्हणजे आवाज सोडून तळ दाखवणाऱ्या यंत्राचा, आवाज खाली शंकूसारखा पसरत जातो. 20 अंशांचा शंकू 40 मीटर खोलीवर सुमारे 14 मीटर रुंद वर्तुळ झाकतो. स्क्रीनवर खडप दिसलं तरी ते होडीपासून सात मीटर डावीकडे किंवा उजवीकडे असू शकतं. म्हणून एकदा उभं आणि एकदा आडवं असं त्या जागेवरून हळू जा, आणि खडप सर्वांत उंच दिसेल त्या क्षणी खूण करा.

नांगराची चूक याहून मोठी. 40 मीटर पाण्यात 120 मीटर दोर सोडला की होडी नांगरापासून साधारण 110 मीटर मागे जाऊन उभी राहते. नांगर खडपावरच टाकला तर मासेमारी रिकाम्या वाळूवर होते, आणि प्रवाळ असेल तर ते मोडतं ते वेगळंच. आधी इंजिन न्यूट्रलला टाकून पाच मिनिटं होडी वाहू द्या. जीपीएसवर उमटलेली रेघ म्हणजे वारा आणि प्रवाह यांची एकत्र दिशा. त्या रेघेवर, वारा-प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला, खडपापासून तेवढं अंतर मोजून वाळूत नांगर टाका.

शिसं कमी पडतं

दोर उभ्या रेषेपासून 30 अंश कलला की 60 मीटर पाण्यात आमिष होडीखाली नसतं, जवळपास 35 मीटर लांब गेलेलं असतं. साधारण प्रवाहात 30 मीटरला 200 ते 250 ग्रॅम आणि 60 मीटरला 400 ते 500 ग्रॅम हा सुरुवातीचा अंदाज धरा. दोर कलताना दिसला की शिसं वाढवा. तरीही कलत असेल तर भरती-ओहोटीचा जोर उतरेपर्यंत थांबा.

ड्रॅग आणि पहिला झटका

हाताने दोर ओढून "घट्ट आहे" असं ठरवणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. दोर रॉडच्या कड्यांतून ओवून टोकाला स्प्रिंगचा काटा लावा, रॉड वाकवा आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, किती किलोला सुटतो ते वाचा. 80 पौंडी, म्हणजे सुमारे 36 किलोच्या ब्रेडवर (विणलेल्या दोरावर) हेकरूसाठी 10 ते 12 किलो ड्रॅग योग्य. दोराच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाचा नेहमीचा हिशेब उघड्या पाण्यात पळणाऱ्या माशांसाठी ठीक आहे. कपारीच्या तोंडाशी एवढा ढिला ड्रॅग चालत नाही. मात्र 12 किलोची ओढ उभ्याने पेलायला पट्टा बांधलेला हवा आणि पाय कठड्याला टेकलेले हवेत. मासा पाच-सहा मीटर वर आला की ड्रॅग थोडा सैल करा.

रीलवर पूर्ण मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनचा दोर, भरणं हीसुद्धा चूकच. ताण आला की 50 मीटर मोनो कित्येक मीटर लांबतो, आणि हेकरूला घरात शिरायला तेवढी जागा पुरते. मुख्य दोर ब्रेडचाच ठेवा. पुढे एक ते दीड मीटर 80 किंवा 100 पौंडी मोनो किंवा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड तुकडा, जोडा. ब्रेड खडपावर टेकला की लगेच कापला जातो. जाड लीडर थोडं घासणं सोसतो.

सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, वापरून जोरात हिसका मारला की गळ तोंडातून सरळ बाहेर येतो. या गळाला हिसका लागतच नाही. रॉड आडवी ठेवा, टोक वाकून तसंच राहिलं की भराभर रील फिरवा. गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. 7/0 ते 9/0 माप चालतं. आमिषाने गळाचं तोंड भरून टाकू नका. टोक उघडं राहिलं नाही तर गळ रुततच नाही. शिसं तळाला लागल्यावर रीलचे दोन वेढे घेऊन आमिष खडपाच्या जरा वर ठेवा.

कपारीत शिरला तर

ओढत बसू नका. आत गेलेला हेकरू कल्ले फुलवून आणि पर ताणून खडपाला अडून बसतो. तुम्ही जितकं ओढाल तितका तो घट्ट बसतो. दोर पूर्ण सैल सोडा, पण बोटाला जाणवत राहील असा धरा. पाच-दहा मिनिटांत दोर सरकायला लागला की तो बाहेर निघालाय; तिथेच भराभर रील फिरवा.

फुगलेला मासा

30 मीटरवर पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो. तिथून वर येताना वाताशयातली (माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतली) हवा चौपट फुगते, पोट तोंडातून बाहेर येतं, डोळे सुजतात. तोंडात आलेला तो फुगा टोचू नका. ते जठर आहे, वाताशय नाही. लहान माशाला सोडायचं असेल तर जबड्याला डिसेंडर, म्हणजे वजन बांधलेला चिमटा, लावून खाली पाठवणं सर्वांत बरं. तीन-चार किलोच्या माशाला दीड-दोन किलो वजन लागतं. हेकरूच्या बऱ्याच जातींचे मासे आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात. लहान मासा मारला की पुढे होणारा नरही जातो. प्रत्येक ठिकाणची किमान लांबी आणि बंदीचा काळ निघण्याआधीच पाहून ठेवा.

रंगावरून तांबोशी ओळखणं

इथे सर्वांत जास्त गफलत होते. बर्फात गेल्यावर लाल फिका पडतो, पट्टे पुसट होतात, पिल्लांवरच्या खुणा वाढत्या वयात जातात. रंग शेवटी पाहा. आधी हाडं, दात आणि खवले.

पहिली पायरी अंगठ्याची. डोळ्याखाली गालावर अंगठा फिरवा. खवले लागले तर तांबोशीच्या, म्हणजे स्नॅपरच्या घराण्यातला. गाल गुळगुळीत लागला तर बहुधा एम्परर, म्हणजे वेगळ्याच घराण्यातला. हेकरूच्या कल्ल्याच्या झाकणावर मागे तीन चपटे काटे असतात. पाठीच्या परातले कडक काटेही मोजा: एपिनेफेलस गटातल्या हेकरूला सहसा 11, सेफॅलोफोलिस गटाला 9.

मलबार ब्लड स्नॅपर आणि क्रिमझन स्नॅपर दोन्ही लालभडक, दोघांच्या पिल्लांच्या डोक्यावर तिरका काळपट पट्टा आणि शेपटीच्या मुळाशी काळी खूण. इथे पट्टीच लागते. वरच्या जबड्याची लांबी मोजा. मग पाठीचा पर आणि पोटामागचा पर मुळाशी जिथे संपतात त्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजा. जबडा त्या अंतराएवढा किंवा जास्त भरला तर मलबार, कमी भरला तर क्रिमझन. मलबारचं तोंड मोठं दिसतं ते यामुळेच.

काळा ठिपका असलेल्यांत रसेल्स स्नॅपरचा ठिपका बहुतांशी अंगाच्या बाजूने डोक्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेच्या वर असतो. डोरी स्नॅपरचा रेषेवरच असतो आणि अंगावर पिवळे पट्टे असतात. पण मोठ्या माशात ठिपका पुसट होतो, म्हणून निव्वळ ठिपक्यावर नाव ठरवू नका.

अटलांटिकच्या बाजूला क्युबेरा आणि ग्रे स्नॅपरमध्ये तोंड उघडून टाळूच्या पुढच्या भागातले दात बघावे लागतात. क्युबेराच्या दातांचा तुकडा नुसता त्रिकोणी असतो. ग्रे स्नॅपरच्या त्रिकोणाला मागे शेपूट निघतं आणि तो होडीच्या नांगरासारखा दिसतो. बोटाने चाचपू नका, पुढचे सुळे तीक्ष्ण असतात. टॉर्च मारून बघा.

ट्विनस्पॉट, म्हणजे बोहर स्नॅपर, ओळखता येणं आरोग्याच्या दृष्टीने गरजेचं आहे. मोठा बोहर मँग्रोव्ह जॅक या दुसऱ्या स्नॅपरसारखाच तांबडा-तपकिरी दिसतो, आणि पिल्लांच्या पाठीवरचे दोन पांढरे ठिपके त्याच्यावर उरलेले नसतात. फरक नाकपुडीत आहे: बोहरच्या नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत खोल खाच जाते, मँग्रोव्ह जॅकला ती नसते. प्रवाळी भागातल्या मोठ्या बोहरमध्ये सिग्वाटेराचं विष साठलेलं असू शकतं. ते शिजवून, तळून किंवा गोठवून जात नाही, आणि चवीला किंवा वासाला कळत नाही. खाच सापडली आणि मासा मोठा असेल तर तो खाऊ नका, कुणाला देऊही नका.

शंका उरली तर बर्फात घालण्याआधी तीन फोटो काढा: सगळे पर पसरून एका बाजूचा, नाकपुडी दिसेल असा डोक्याचा, आणि उघड्या तोंडाचा. शेजारी पट्टी ठेवा.