ब्विंडीच्या जंगलात गोरिलांचे फोटो: संवर्धनाचा निधी उभारायला जाणाऱ्यांसाठी

युगांडातल्या ब्विंडी राष्ट्रीय उद्यानात गोरिलांसमोर तुम्हाला एकच तास मिळतो. पर्यटकांच्या एका गटात जास्तीत जास्त 8 जण आणि अंतर किमान 10 मीटर. कॅमेऱ्याची सगळी खटपट म्हणूनच आदल्या रात्री उरकून ठेवा.

फ्लॅशला बंदी आहे, पण तेवढा बंद करून भागत नाही. फोकसला मदत करणारा छोटा दिवाही मेनूत जाऊन बंद करा. गर्द झाडीत तो आपोआप पेटतो आणि नेमका प्राण्याच्या डोळ्यांवर पडतो. बीपही बंद ठेवा. फोटो रॉ फॉरमॅटमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, कारण पानांतून झिरपणाऱ्या उजेडाने काळ्या केसांवर हिरवट झाक येते आणि ती नंतर काढावी लागते.

एकच लेन्स न्यायची तर 70-200 मिमी, एफ/2.8 (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). फुल फ्रेम (36 बाय 24 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 200 मिमीला 10 मीटरवरून साधारण 1.8 बाय 1.2 मीटरचा भाग मावतो, म्हणजे बसलेल्या गोरिलाने चौकट छान भरते. 400 मिमीला चेहरा मोठा येतो, पण एफ/5.6 वर दोन स्टॉप उजेड जातो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो, आणि तिथे तो परवडत नाही. ट्रायपॉड नकोच. निसरड्या चढावर, वेलींच्या गुंत्यात तो लावेपर्यंत कळप पुढे सरकलेला असतो.

मॅन्युअल मोड (शटर आणि एफ तुम्ही ठरवायचे) आणि ऑटो आयएसओ (उजेडासाठीची संवेदनशीलता कॅमेरा ठरवतो) ठेवा, आयएसओची कमाल मर्यादा 6400. बसून पाला खाणाऱ्यासाठी शटर 1/250 सेकंद, चालणाऱ्यासाठी 1/500, खेळणाऱ्या पिल्लांसाठी 1/1000. एफ/2.8 वर या अंतराला पुढून मागे जेमतेम 40 सेंटिमीटरचाच भाग शार्प राहतो. एका चेहऱ्याला तेवढा पुरतो. आई आणि पाठीवरचं पिल्लू दोन्ही हवं असेल तर एफ/4 करा.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते एक्स्पोजरमुळे. काळ्या अंगाने चौकट भरली की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्याला करडं करायला बघतो. केस राखाडी दिसतात आणि मागची पानं पांढरी फटक होतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सोय) उणे 1 पासून सुरू करा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख) बघून थोडं मागेपुढे करा. युगांडातल्याच किबालेच्या जंगलातल्या चिंपांझींचं नेमकं उलट असतं. ते फांदीवर, मागे उजळ आकाश; तिथे अधिक 1 ते अधिक 2 लागतं, नाहीतर नुसती काळी आकृती उरते.

फोकस एकाच बिंदूवर ठेवून तो डोळ्यावर धरा. मोठा पट्टा निवडलात तर कॅमेरा मधलं पान पकडतो. पान आड आलं तर एक पाऊल बाजूला व्हा, पुढे नाही. आणि तेही वाटाड्याला विचारून.

मास्क लावावा लागतो आणि वर जाणाऱ्या श्वासाने व्ह्यूफाइंडर धुरकट होतो. नाकावरची तार घट्ट दाबून बसवा, कोरडं मायक्रोफायबर कापड आतल्या खिशात ठेवा. पावसात लेन्स बदलू नका.

आता निधीचं. परदेशी पर्यटकाचं गोरिला पाहण्याचं 800 डॉलरचं परमिट ही देणगी नव्हे. प्रवासखर्च वेगळा आणि संवर्धनाला गेलेला पैसा वेगळा, हे देणगीदारांना स्पष्ट लिहून द्या. गोरिलाबरोबरचा स्वतःचा फोटो प्रसिद्ध करू नका. माणूस आणि कपी एकाच चौकटीत दिसले की पाहणाऱ्याला तो पाळता येण्याजोगा वाटतो, आणि पुढे जाणाऱ्यांना अंतर मोडण्याचा मोह होतो. ओळीही खऱ्या लिहा. 2018 मध्ये पर्वतीय गोरिलांचा धोक्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' झाला, आणि त्यानंतर जाहीर झालेली गणना 1,063 ची आहे. 'शेवटचे काहीच उरलेत' असं लिहून पैसे गोळा करणं म्हणजे पहारा देणाऱ्यांचं यश लपवणं आहे. त्या रेंजर्सचे, हमालांचेही फोटो काढा, मात्र ते कुठे वापरणार हे सांगून, त्यांची परवानगी घेऊन.

आणि सर्दी-खोकला असेल तर सकाळी नाव नोंदवतानाच सांगा आणि मागे थांबा. आपले श्वसनाचे आजार गोरिलांना लागतात, आणि त्यात त्यांचा जीव जाऊ शकतो.