किती वाजताची पातळी? कोल्हापुरात बातमीचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

पावसाळा अंगावर आला की कोल्हापुरात एकच आकडा फोनाफोनांतून फिरायला लागतो: राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 ला पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं, 2021 ला 56 फूट 3 इंचांवर. त्यामुळे नदीकाठच्या गल्लीतला माणूस या आकड्यावरच ठरवतो, सामान माडीवर चढवायचं की अजून एक रात्र थांबायचं. पत्रकारितेत नव्यानं आलेल्या मुलांशी बोलताना मी इथूनच सुरुवात करतो. ‘पाणी 41 फुटांवर’ एवढाच मेसेज असेल तर ती बातमी अर्धीच आहे. किती वाजता? चढतंय की उतरतंय? हे सांगितलं नसेल तर तोच आकडा दुसऱ्या दिवशीही ग्रुपांवर फिरत राहतो आणि उतरलेलं पाणी लोकांना चढलेलं वाटतं.

मी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांसाठी नैमित्तिक म्हणून, म्हणजे कायम नोकरी नाही, बोलावतील तेवढ्या ड्युट्या, असं काम करत शिकलो. आता कोल्हापुरात एका डिजिटल डेस्कवर आहे. दोन्ही ठिकाणी काम केल्यावर एक फरक लक्षात आला, तो कुठल्या वर्गात मला कोणी शिकवला नव्हता. रेडिओच्या बातमीला वेळ आपोआप चिकटलेली असायची. सकाळचं बातमीपत्र सकाळीच ऐकू यायचं, त्यातली पातळी सकाळचीच. संध्याकाळी नवं बातमीपत्र यायचं आणि जुनं हवेत विरून जायचं. ते कोणी स्क्रीनशॉट काढून मावशीला पाठवू शकत नव्हतं. इंटरनेटवर बातमी मरत नाही, आणि कापली जाताना सगळ्यात आधी तिची तारीख-वेळ कापली जाते. रील करणारा पहिले तीन सेकंद ठेवतो, ग्रुपवर टाकणारा फक्त मथळा ठेवतो.

राधानगरी धरणाचंच बघा. त्याला 7 स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, उतरलं की आपोआप मिटतात. एक दरवाजा उघडला की 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी भोगावतीत आणि तिथून पुढे पंचगंगेत येतं. आता ‘राधानगरीचे चार दरवाजे उघडले’ ही बातमी दुपारी खरी असते आणि संध्याकाळी त्यातले दोन मिटलेलेही असू शकतात. मिटल्याचा व्हिडिओ कोण पाहणार? उघडल्याचाच फिरतो, त्यात 2019 चाही मिसळतो. दरवर्षी हे होतं, आणि दरवर्षी नदीकाठच्या गावांतून डेस्कवर फोन येतात, ‘खरं काय ते सांगा.’

म्हणून आमच्या डेस्कवर पुराच्या बातमीत पातळी आणि वेळ एकाच वाक्यात, आणि वेळ आधी. ‘दुपारी 2 वाजता राजाराम बंधाऱ्यापाशी 41 फूट 3 इंच, पाणी संथपणे वाढतंय.’ कार्ड केलं तरी वेळ कोपऱ्यात बारीक अक्षरात नाही, आकड्याला खेटून आणि आकड्याएवढ्याच टायपात. कोणी कापायचंच म्हटलं तर त्याला आकडाही कापावा लागतो. व्हिडिओत तर मी वेळ तोंडानं बोलायला लावतो. पोरं कुरकुरतात, रील लांबते म्हणून. लांबू दे.

जागेचंही तेच. करवीर तालुक्यात प्रयाग चिखली आहे, कागल तालुक्यातही चिखली आहे. शिरोली पुलाची वेगळी, शिरोली दुमाला वेगळी. पहिली हातकणंगले तालुक्यात हायवेला, दुसरी करवीरमध्ये. ‘शिरोलीत पाणी’ असं लिहिलं की हायवे बंद झाला असं समजून निपाणीकडचे ट्रक अडखळतात. तालुका लिहायचा कंटाळा करू नका. रेडिओवर तर गावाच्या नावाचा उच्चारही तुमचाच असतो. गडहिंग्लज आणि हातकणंगले ही नावं बाहेरून आलेला वाचक कशी उच्चारतो ते एकदा ऐका, म्हणजे स्थानिक माणसाची तिथं गरज का आहे ते कळेल.

कानासाठी लिहिणं हे कौशल्य मला आजही सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, कारण व्हिडिओसुद्धा लोक निम्मा ऐकतातच, भाजी चिरता चिरता. दहा मिनिटांच्या बातमीपत्रात साधारण हजार-अकराशे शब्द मावतात. त्यात राज्य, देश, हवामान, खेळ सगळं. म्हणजे एका बातमीला चार-पाच वाक्यं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य लांबलं की ऐकणारा ‘काय झालं’ याची वाट बघत राहतो आणि तेवढ्यात सुरुवात विसरतो. छापील कॉपीतलं ‘पुढीलप्रमाणे’, ‘वरील’, ‘अनुक्रमे’ कानाला काही सांगत नाही. पद आधी, नाव नंतर. आकडा शक्यतो गोल करून, पण पुराचा आकडा कधीच गोल करायचा नाही. त्रेचाळीस आणि त्रेपन्न घाईत वाचले तर सारखेच ऐकू येतात, तिथं थांबायचं आणि एकदा पुन्हा सांगायचं. आवाज कसा लावायचा हे शिकायला स्टुडिओच लागतो असं नाही. खासबाग मैदानात कुस्तीचा निवेदक हजारोंच्या गलक्यात पैलवानाचं नाव, गाव आणि डाव तीन सेकंदांत कसा पोचवतो ते कान देऊन ऐका. बुलेटिनला तो सूर चालणार नाही, पण शब्दावरची पकड तीच आहे.

आता लोक ऐकतात कुठं, हा प्रश्न. पूर्वी रेडिओ लावायला पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत. आज बातमी फुकट, मागे लागून येते. गावच्या दूध संस्थेत सकाळी रेडिओ लावलेला असायचा, तिथं आता दूध घालायला आलेला प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये असतो. तालमीचा ग्रुप, गल्लीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप. आकाशवाणीसुद्धा बसून राहिलेली नाही. कोल्हापूर केंद्र 102.7 एफएमवर आहेच, शिवाय न्यूजऑनएआयआर अॅपवर देशभरातली केंद्रं ऐकता येतात, बातमीपत्रं यूट्यूबवर चढतात, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं वेव्हज नावाचा ओटीटीही काढला.

पण अॅप आणि एफएम यांत गल्लत करू नका. अॅपला डेटा लागतो. पुरात वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली की अॅप संपलं. सेलवरचा रेडिओ मात्र चालू राहतो, आणि फोनमध्ये एफएम असेल तर इअरफोनची वायर अँटेना म्हणून लावून तोही चालतो. अलीकडच्या बऱ्याच फोनमधून ही सोय गायब झाली, म्हणून केंद्र सरकारनं 2023 मध्ये मोबाइल उत्पादकांना ती चालू ठेवण्याचा सल्ला दिला होता. मला विचाराल तर सार्वजनिक प्रसारणाची खरी गरज इथं आहे. ज्या दिवशी जाहिरातदाराला काही विकायचं नसतं आणि प्रेक्षकाकडे नेट नसतं, त्या दिवशीही बोलत राहणारं कोणीतरी लागतं.

नव्या मुलांचा एक हमखास गैरसमज असतो. आरजे झालो की रेडिओवर बातम्या देता येतील, असं त्यांना वाटतं. खासगी एफएमला आपल्याकडे स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र ते जसंच्या तसं लावू शकतात, बस. सामुदायिक रेडिओचंही तसंच. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा जत भागातली येरळावाणी, यांच्याकडे शेती, आरोग्य, गावातली गाणी, लोकांच्या मुलाखती असं भरपूर काम असतं, आणि माणसांशी बोलायला शिकायचं तर याहून चांगली जागा नाही. पण राजकीय बातमीदारी करायची असेल तर तो रस्ता तिथून जात नाही. म्हणजे रेडिओवरची बातमी करायची तर आकाशवाणी, नाहीतर पॉडकास्ट आणि यूट्यूब. मधलं काही नाही.

आकाशवाणीत शिरायचे दरवाजे तीन. पहिला नैमित्तिक निवेदक किंवा वृत्तनिवेदक-अनुवादकाचा. केंद्र जाहिरात काढतं, लेखी परीक्षा होते, मग आवाजाची चाचणी. लेखी परीक्षेत इंग्रजी-हिंदीतून मराठीत भाषांतर असतं, आणि चांगले चांगले तिथं अडकतात, कारण ते शब्दाला शब्द ठेवतात. सरावासाठी रोज पत्र सूचना कार्यालयाचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पीआयबीचं, एक इंग्रजी निवेदन घ्या आणि आपल्या आजीला सांगता येईल अशा पाच वाक्यांत मराठीत आणा. दुसरा दरवाजा जिल्ह्याच्या अंशकालीन वार्ताहराचा. त्यासाठी आधी पत्रकारितेचा अनुभव लागतो. तिसरा भारतीय माहिती सेवेचा, तो यूपीएससीतून. तिथं तुम्ही बातमीदार कमी आणि सरकारी अधिकारी जास्त असता, हे आधीच समजून जा.

शिक्षण म्हणाल तर शिवाजी विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग घराजवळ आहे. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, त्याची माहिती इकडच्या मुलांना फारशी नसते. कुठंही गेलात तरी शिकता शिकता रोज काहीतरी छापून किंवा ऐकवून या. कोल्हापूर पत्रकारितेचं जुनं गाव आहे. ‘पुढारी’ इथलाच, ‘सत्यवादी’ इथलाच. जिल्ह्याच्या पानासाठी तालुक्याची बातमी लिहिलेला मुलगा डेस्कवर लगेच ओळखू येतो. त्याला सर्कल, सजा, गट नंबर, टेल टँक हे महसुलाचे आणि पाटबंधाऱ्याचे शब्द विचारावे लागत नाहीत.

आकाशवाणी-दूरदर्शनवर सरकारी कार्यक्रमांना झुकतं माप मिळतं, ही टीका जुनी आहे आणि माझ्या मते ती पोकळ नाही. प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, महामंडळ प्रत्यक्षात आलं नोव्हेंबर 1997 मध्ये. कायद्यानं स्वायत्तता मिळाली, पण खर्चाचा मोठा भार केंद्र सरकारच्या अनुदानावरच राहिला. ज्याच्या हातात तिजोरी असते त्याचं भाषण बातमीपत्रात वर सरकतं. तिथं काम करायचं तर हे डोळे उघडे ठेवून करा. बातमी खरी आहे का, हे तपासण्याची शिस्त तिथं शिका. कोणती बातमी पहिली, हे ठरवायला मात्र दुसरीकडेही शिका.

मार्च 2024 पासून प्रसार भारतीची ‘शब्द’ नावाची सेवा आहे. नोंदणी केलेल्या माध्यमांना त्यांचा मजकूर, आवाज, फोटो, व्हिडिओ त्यातून घेता येतात. छोट्या पोर्टलना हे वरदानच, पण त्याचा एक परिणाम मला रोज दिसतो: दहा पोर्टलवर एकच परिच्छेद, एकाच स्वल्पविरामासकट. मुलाखतीला आलेल्या मुलानं दाखवलेल्या कामात असा उचललेला मजकूर असेल तर मी पुढचं पान उलटत नाही. त्यापेक्षा नृसिंहवाडीच्या दक्षिणद्वार सोहळ्याची, म्हणजे पुराचं पाणी दत्तमंदिरातून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं त्याची, स्वतः जाऊन केलेली साधी बातमी दाखवा. पाणी किती वाजता पादुकांवरून वाहिलं, गर्दी कशी वळवली, होडीवाले काय म्हणाले.

पैशाचं शेवटी सांगतो, कारण तेच सगळ्यांना आधी विचारायचं असतं. नैमित्तिक कामाच्या ड्युट्या महिन्यात मोजक्याच मिळतात, आणि ती नोकरी नव्हे. त्यावर घर चालत नाही. माझ्या ओळखीतली बहुतेक मंडळी त्याला जोडून भाषांतर, निवडणुकीच्या हंगामात जिल्हा प्रतिनिधीचं काम, माहितीपटांना आवाज, कॉलेजवर तासिका असं काहीतरी करतात. पहिली दोन वर्षं कोल्हापुरात घरच्यांजवळ राहून काढता आली तर काढा, पुण्या-मुंबईचं भाडं या पगारात झेपत नाही. आणि आवाजाच्या चाचणीला जाताना आदल्या रात्री ग्रुपवर जागत बसू नका. माइकला झोप न झालेला घसा लगेच कळतो.