'प्रिल्यूड' घेताय? साल कोणतं?

एम.ए. इंग्रजीच्या डिझर्टेशनला इंग्रज कवी वर्ड्सवर्थ घेतलाय असं कुणी म्हटलं की मला माझी व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, आठवते. डॅफोडिल्स, लेक डिस्ट्रिक्ट, कोलरिजशी मैत्री, १७९८ चं 'लिरिकल बॅलड्स' हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी कुठे आपटले तेवढंच सांगते.

'प्रिल्यूड' ही त्याची दीर्घ आत्मचरित्रात्मक कविता, पण ती एकच नाही. १७९९ ची दोन भागांची आहे, १८०५ ची तेरा बुकांची (बुक म्हणजे कवितेचा सर्ग), १८५० ची चौदा बुकांची. वर्ड्सवर्थ २३ एप्रिल १८५० ला गेला आणि चौदावाली त्यानंतर जुलैत छापून आली. नावही त्याच्या बायकोने, मेरीने दिलेलं. १८०५ ची तर १९२६ पर्यंत छापलीच गेली नव्हती. मधली कित्येक वर्षं हा माणूस त्याच ओळी खोडत, बदलत बसला होता.

माझा विषय होता तरुण वर्ड्सवर्थ आणि फ्रेंच राज्यक्रांती. बुक सातमध्ये एडमंड बर्कचं कौतुक सापडलं. बर्क म्हणजे क्रांतीचा कट्टर विरोधक. मी हरखले आणि लिहून टाकलं की पस्तिशीतच कवीने क्रांतीकडे पाठ फिरवली होती. अख्खं प्रकरण त्यावर उभं केलं. व्हायव्हाला मॅडमनी विचारलं, "हा उतारा १८०५ चा की १८५० चा?" मी म्हटलं, "बुक सातमधला." "बुक नाही विचारलं मी."

१८०५ मध्ये त्या ओळी नाहीतच. त्या त्याने उतारवयात घातल्या. म्हाताऱ्याचं मत मी तरुणाच्या तोंडी घातलं होतं!

बुकांचे आकडेही फसवतात. क्रांतीच्या त्या पहाटे जिवंत असणं हाच आनंद, असं म्हणणारी प्रसिद्ध ओळ १८०५ मध्ये बुक दहात आहे, १८५० मध्ये अकरात. स्नोडन डोंगर चढतो ते आधी तेरात, मग चौदात. आल्प्सचा प्रसंग मात्र दोन्हीकडे सहातच, म्हणून आपण गाफील राहतो. नेटवर फुकट मिळतं ते बऱ्याचदा १८५० चं असतं. तेव्हा प्रत्येक कोटेशनपुढे आधी साल, मग बुक, मग ओळ. आळस केलात तर रडाल.

त्याच्या प्रसिद्ध कवितेतले डॅफोडिल्ससुद्धा या बदलांतून सुटलेले नाहीत. १८०७ मध्ये ते 'डान्सिंग' होते, 'गोल्डन' झाले १८१५ मध्ये. ताऱ्यांचं कडवंही तेव्हाच आलं. आणि त्याच कवितेत 'एकटा भटकत होतो' म्हणणाऱ्याबरोबर १५ एप्रिल १८०२ ला अल्सवॉटर सरोवराच्या काठी बहीण डोरोथी होती. तिची रोजनिशी वाचाच. दगडांवर डोकं टेकून विसावलेली फुलं तिथे आहेत, भावाच्या कवितेत नाहीत. मला तर तीच जास्त आवडते.

बाजारातल्या नोट्स वाचा, मीही वाचल्या, पण कोटेशन तिथून उचलू नका. आणि नामांकित गाईड, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक, मिळावा म्हणून वर्ष घालवू नका. माझ्या गाईडचं नाव मोठं होतं, पण साल त्यांनीही विचारलं नाही.

घाबरूही नका. मी नापास झाले नाही. एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, दीड महिना गेला. पण वर्ड्सवर्थने काय खोडलं आणि काय घातलं हाच विषय झाला, आणि तेच प्रकरण त्यातल्या त्यात बरं उतरलं. दोन्ही 'प्रिल्यूड' समोरासमोर छापलेलं पुस्तक मिळतं, लायब्ररीत विचारा. आमच्याकडे होतं. आतलं कार्ड कोरं होतं.