सिमेंटच्या पत्र्याचं काम, अन् अंगावरची धूळ घरी

उन्हाळ्यात नागपुरात जिकडेतिकडे जुने सिमेंटचे पत्रे काढून राहिले, पण त्यात ॲस्बेस्टॉस (बारीक तंतूंचं खनिज) असतं आणि त्याची धूळ कपड्यावर बसून घरी येते. नुसते नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झालेला आहे, तोही २०-४० वर्षांनी, म्हणून आत्ता काही त्रास नाही याला अर्थ नाही.

१. पत्रा काढायच्या आधी पाण्यात थोडं भांड्याचं लिक्विड टाकून फवारणीच्या पंपाने ओला करा, साबणामुळे पाणी आत मुरतं. कटर, ग्राइंडर लावायचाच नाही, नट खोलून पत्रा अख्खा उतरवा.

२. साइटवरच कपडे बदला. काढायच्या आधी त्यांच्यावरही फवारा मारा, झटकू तर अजिबात नका, थैलीत घालून तोंड बांधा. बूट ओल्या फडक्याने पुसा, गाडीची सीटपण (ती सगळे विसरतात).

३. घरी आल्यावर आधी डोक्यावरून आंघोळ, मग लेकरू उचला. कपडे वेगळ्या बादलीत, थैलीतून थेट पाण्यात.

आणि हो, दुपट्टा किंवा कोरोनावाला कापडी मास्क इथं कामाचा नाही, पी-१०० फिल्टरवाला (अगदी बारीक धूळ अडवणारा) रबरी मास्क लागतो, तोही दाढी असली की नीट बसत नाही.