स्पार्कस्टेशनसाठी बूट फ्लॉपी: लिहा आणि परत वाचून बघा

कॉलेजच्या भंगारातून निघालेलं सन कंपनीचं जुनं कॉम्प्युटर, स्पार्कस्टेशन २०, सांगलीत कुणाच्या हाती लागलं, तर ते फेकू नका. नेटबीएसडी ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर आजही चालते. सीडीवरून चढवायला ५१२ बाइटचे ब्लॉक देणारा स्कझी (जुन्या प्रकारच्या जोडणीचा) सीडी ड्राइव्ह लागतो, तो इथे मिळवणं अवघड. नेटवर्कवरून बूट करायला दुसऱ्या मशीनवर सर्व्हर उभा करावा लागतो. म्हणून मी फ्लॉपीच वापरतो.

आधी फ्लॉप्या निवडा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या फ्लॉप्यांना बुरशी येते. पत्र्याचं झाकण बोटाने सरकवा, तबकडी उजेडात तिरकी धरा आणि मधली चकती फिरवत दोन्ही बाजू बघा. करडे ठिपके किंवा ढगाळ डाग दिसला की ती फ्लॉपी बाद. मोह धरू नका, कारण ती बुरशी ड्राइव्हच्या हेडला चिकटते आणि मग चांगली फ्लॉपीही वाचली जात नाही. दोन कोपऱ्यांत भोकं असलेली, म्हणजे १.४४ एमबीचीच घ्या. लिहिताना एका भोकावरची खिट्टी बंद हवी.

इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब प्रत असलेली फाइल, फ्लॉपीवर नुसती कॉपी करून भागत नाही. ती पहिल्या सेक्टरपासून जशीच्या तशी उतरवायची असते. त्यासाठी लिनक्सवर डीडी (dd) ही कमांड, विंडोजवर रॉराइट हा प्रोग्रॅम. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह असेल तर लिनक्स त्याला हार्डडिस्कसारखंच नाव देतं, त्यामुळे डीडीला नाव देण्याआधी आकार बघाच. चुकीचं नाव दिलंत तर लॅपटॉपची डिस्क पुसली जाईल. डीडीचा ब्लॉक, म्हणजे एका वेळी लिहायचा तुकडा, १८ केबीचा ठेवा. दोन्ही बाजूंचा एकेक ट्रॅक मिळून तेवढाच भरतो.

आता खरं काम. फ्लॉपी काढा, परत घाला आणि सगळे १४,७४,५६० बाइट वाचून मूळ इमेजशी ताडून बघा. न काढता वाचलंत तर कॉम्प्युटर मेमरीतलंच दाखवू शकतो. शक्य असेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्येही वाचा, कारण जुन्या ड्राइव्हची हेडं सरकलेली असतात. ड्राइव्ह एकाच जागी करकरत थांबला तर ती फ्लॉपी सोडून द्या.

बूट इमेज आणि इन्स्टॉलर अशा दोन फ्लॉप्या तयार करा. मशीनच्या कीबोर्डवर स्टॉप आणि ए या कळा एकत्र दाबा, ओके (ok) हा प्रॉम्प्ट दिसला की ‘boot floppy’ टाइप करा. मॉनिटर नसेल तर कीबोर्डही काढा. मशीन सीरियल पोर्टवर ९६०० च्या वेगाने बोलू लागतं. या ड्राइव्हला फ्लॉपी काढायचं बटण नसतं. अडकली तर मशीन बंद करून बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घाला.

बाकीच्या फाइली नेटवर्कवरून येतात. एनव्हीरॅमची (मशीनच्या सेटिंग जपणाऱ्या चिपची) बॅटरी संपली असेल तर इथरनेट पत्ता हरवलेला असतो, तो ओके प्रॉम्प्टवर भरूनच इन्स्टॉलर सुरू करा.